मोटारवाल्याचे लक्ष नाही हे धरून दुचाकी चालवताना : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

शहरात रोज दुचाकी चालवणाऱ्या बहुतेकांना सुटे नियम तोंडपाठ असतात. हेल्मेट घालावे, आरसे पाहावेत, अंतर ठेवावे, यांत नवीन काही नाही. तरीही मोटार आडवी आली की गडबड होते आणि ती बहुधा क्रमाची असते. आधी हॉर्न वाजतो, मग मोटारवाला थांबतो का याची वाट पाहिली जाते आणि ब्रेक सर्वांत शेवटी दाबला जातो, तोवर थांबायला लागणारे अंतर संपलेले असते. योग्य क्रम नेमका उलट आहे : आधी रस्त्यावरची आपली जागा, मग वेग, मग ब्रेकवर बोटे, मग निसटण्याची वाट आणि एवढे सगळे झाल्यानंतर हॉर्न. पुढील टप्पे याच क्रमाने दिले आहेत. उदाहरणे मुख्यतः पुण्यातील आहेत. ठाणे, नाशिक, कोल्हापूर किंवा मडगावच्या वाचकांनी आपापले चौक त्या जागी घालावेत.

टप्पा १ : निघण्यापूर्वीची तपासणी

१. आरसे नेहमीच्या बैठकीत बसूनच लावावेत. दुचाकी स्टँडवर तिरकी असताना, शेजारी उभे राहून लावलेले आरसे चालवताना आकाश किंवा स्वतःचे खांदे दाखवतात. आरशाच्या आतल्या कडेला कोपराची जेमतेम किनार दिसावी, उरलेल्या सगळ्या काचेत मागचा रस्ता दिसावा.

२. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा मागे जाऊन पाहावा. पुढचा ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो का आणि मागचा दाबल्यावर लागतो का, हे वेगवेगळे पाहावे, कारण दोन्हींचे स्विच स्वतंत्र असतात आणि त्यांतील एक बिघडला तरी महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. सामानाची पिशवी, मागे बसलेल्या व्यक्तीचा लोंबणारा रेनकोट किंवा चिखलाचा थर यांमुळेही दिवा झाकला जातो.

३. टायरमधील हवा दुचाकीवरच्या तक्त्यात किंवा माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. पंपावर ‘नेहमीची भरा’ असे सांगितले की भरणारा स्वतःच्या अंदाजाने भरतो.

४. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असावा, पट्टा हनुवटीखाली घट्ट लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आपटीला निघून जाते. ओरखडे पडलेली काच दिवसा चालून जाते, रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्या ओरखड्यांवर पसरतो आणि मोटारीची कडच दिसेनाशी होते. तेव्हा काच बदलावी. कानात इअरफोन नको.

भारतात १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत लागलेलाच असतो. हा दिवा खालच्या झोतावर ठेवावा. प्रखर झोत लावल्याने आपण अधिक ठळक दिसतो असा समज आहे. प्रत्यक्षात रात्री समोरच्याचे डोळे दिपतात आणि दुचाकी किती दूर आहे याचा त्याचा अंदाज अधिकच चुकतो.

> तपासा : सिग्नलला थांबल्यावर मागच्या मोटारीच्या बंपरवर किंवा दुकानाच्या काचेत आपला ब्रेकचा लाल उजेड पडतो का, हे रात्री सहज पाहता येते.

टप्पा २ : ब्रेकचा सराव, तोही रिकाम्या मैदानात

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते यादीतील सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पूर्ण ताकदीचा ब्रेक आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या प्रसंगात दाबणाऱ्याचा पुढचा हात घाबरून आखडतो आणि सगळा भार मागच्या ब्रेकवर जातो. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. मागचे चाक हलके होऊन घसरते आणि दुचाकी आडवी होते.

१. कोरडी, खडी नसलेली, सरळ मोकळी जागा शोधावी. रविवारी सकाळी ताशी ३० किलोमीटर वेगापासून सुरुवात करावी.

२. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडावा, दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावावेत. पुढची तरफ झटक्याने न ओढता, क्षणभर हलकी आणि मग दाब वाढवत आवळावी. नजर पुढे, दूर ठेवावी. पुढच्या चाकाकडे पाहिले की तोल जातो.

३. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर तरफ थरथरते. ती थरथर जाणवताच हात सैल करणे ही नेहमीची चूक आहे. दाब तसाच धरून ठेवावा.

४. हे सवयीचे झाले की वेग ४० करावा. त्यानंतर ब्रेक सोडून, डावा हँडल किंचित पुढे ढकलून दुचाकी डावीकडे आणि उजवा ढकलून उजवीकडे कशी वळते, हेही करून पाहावे. अडथळ्याला वळसा घालताना हीच क्रिया लागते.

थांबण्याचे अंतर डोळ्यांसमोर असावे म्हणून साधारण हिशेब देतो. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरले, तर ताशी ४० किलोमीटरला सुमारे २६ मीटर आणि ६० ला सुमारे ४६ मीटर लागतात. दोन बोटे आधीपासून पुढच्या ब्रेकवर असतील आणि त्यामुळे अर्धा सेकंद वाचला, तर ६० च्या वेगाला आठ मीटर वाचतात. आठ मीटर म्हणजे दोन छोट्या मोटारींची लांबी.

> सावधान : जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. झेब्रा पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे आणि पेव्हर ब्लॉक यांवर वरचा हिशेब लागू पडत नाही.

टप्पा ३ : मोटारीभोवतीची जागा निवडणे

मोटारवाला आपल्याला पाहत का नाही, याची कारणे कळली की जागा निवडणे सोपे जाते. भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू त्याच्यापासून दूर असते आणि तिथल्या आरशात न मावणारा पट्टा मोठा असतो. मागच्या डाव्या दाराच्या रेषेत चालणारी दुचाकी अनेकदा त्याला आरशातही दिसत नाही आणि मान वळवली तरी दोन दारांमधल्या खांबाआड जाते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर किंवा कर्वे रस्त्यावर संध्याकाळी बहुसंख्य दुचाकी चालतात त्या नेमक्या याच पट्ट्यात.

१. मोटारीच्या मागे राहायचे असेल तर तिच्या डाव्या किंवा उजव्या चाकाच्या रेषेत राहावे, मधोमध नव्हे. मधोमध राहिल्यास तिच्या पोटाखालून अचानक निघणारा खड्डा चुकवायला वेळ मिळत नाही, शिवाय तिच्या पुढचे काहीच दिसत नाही.

२. चालकाचा चेहरा त्याच्या बाहेरच्या आरशात दिसतो अशी जागा शोधावी. चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. दिसत असला तरी त्याने पाहिले आहे असे मात्र समजू नये.

३. शेजारून जायचेच असेल तर रेंगाळू नये. एक तर मागे राहावे, नाही तर पुढे निघून जावे. दाराच्या बरोबरीने तासन्‌तास चालण्याइतकी वाईट जागा रस्त्यावर दुसरी नाही.

४. रांगेत उभ्या मोटारींच्या डावीकडून जाताना वेग चालण्याच्या दुपटीहून जास्त नसावा. सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीतला प्रवासी ‘इथेच सोडा’ म्हणतो आणि मागे न पाहता डावे दार उघडतो. लक्ष्मी रस्त्यासारख्या बाजारातल्या रस्त्यावर कडेला लावलेल्या मोटारींपासून एका पूर्ण उघड्या दाराइतके अंतर ठेवावे. मागच्या काचेतून डोके हलताना दिसले, नुकताच ब्रेकचा दिवा विझला किंवा आतला दिवा लागला, की ते दार उघडणार असे धरून चालावे.

ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीविषयी वेगळे सांगितले पाहिजे. तिचा चालक ग्राहक शोधत असतो. त्याची नजर मोबाइलच्या नकाशावर आणि डाव्या फुटपाथवर आळीपाळीने जाते. अशी मोटार मधल्या लेनमधून कोणतीही खूण न करता डावीकडे येऊन थांबते. तिच्या डावीकडे कधीही राहू नये.

टप्पा ४ : लक्ष नसल्याच्या खुणा ओळखणे

लक्ष नसलेला चालक बहुधा आधीच ओळखता येतो, आपण मात्र वेगवान मोटारीकडे पाहत राहतो आणि संथ मोटारीकडे दुर्लक्ष करतो. पुढे रस्ता मोकळा असूनही हळू चालणारी, लेनच्या एका कडेकडून दुसरीकडे सावकाश सरकणारी, लेनच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चाके ठेवून चालणारी मोटार दिसली, की आत बहुधा मोबाइल आहे. सिग्नल हिरवा होऊनही ती हलत नाही आणि मागून हॉर्न वाजताच झटक्याने सुटते. रात्री चालकाच्या चेहऱ्यावर खालून निळसर उजेड पडलेला दिसतो. चालवताना मोबाइल हातात धरणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात मोडते, पण त्या क्षणी कायद्यापेक्षा अंतर कामाला येते.

इंडिकेटरच्या बाबतीत आपल्याकडे एक खास घोटाळा आहे. चौकातून सरळ जायचे आहे हे दाखवण्यासाठी अनेक जण चारही इंडिकेटर लावतात, आणि मुसळधार पावसात किंवा बोगद्यातही तेच करतात. आपण त्या मोटारीच्या बाजूला असू तर आपल्याला एकाच बाजूचा दिवा दिसतो. मग ती वळणार आहे की सरळ जाणार आहे, हे ठरवायला काहीच उरत नाही. अशा वेळी पुढचे चाक पाहावे. मोटारीचे अंग हलण्याआधी चाक वळते, आणि त्याच्या रिमचा कोन बदलणे दहा-पंधरा मीटरवरून स्पष्ट दिसते. थांबलेली मोटार निघते आहे का, हेही बंपरपेक्षा चाकावरून लवकर कळते.

> नेहमीची चूक : ‘त्याने माझ्याकडे पाहिले’ एवढ्यावर विसंबून पुढे जाणे. चालक दुचाकीच्या दिशेने पाहतो, मोठ्या वाहनाचा शोध घेतो, ते दिसले नाही की रस्ता मोकळा समजतो. लहान आकाराच्या वाहनाचे अंतर त्याला असते त्यापेक्षा जास्त वाटते. डोळ्यांची भेट हा पुरावा नाही.

टप्पा ५ : चौक, गल्ल्या आणि दुभाजकातली फट

येथे क्रम सर्वांत काटेकोर पाळावा लागतो. प्रत्येक फाट्यापूर्वी, तो ओळखीचा असला तरी, या चार गोष्टी याच ओळीने कराव्यात.

१. ॲक्सिलरेटर सोडावा. ब्रेक लावण्याची गरज नसते. वेग चढत नाही एवढे पुरे.

२. दोन बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवावीत, पाय मागच्या ब्रेकवर आणावा.

३. आरशात पाहावे. मागे कोणी चिकटून येत असेल तर ब्रेकचा दिवा एक-दोनदा हलकेच चमकवावा.

४. निसटण्याची वाट ठरवावी : मोटार आत आली तर मी तिच्या मागून जाणार की कडेला थांबणार? हे आधी ठरलेले नसेल तर नजर मोटारीवर खिळते आणि दुचाकी नजर जाईल तिकडेच जाते.

आता प्रसंग एकेक पाहू.

*डावीकडच्या गल्लीतून येणारी मोटार.* ती मुख्य रस्त्याला लागताना चालक उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे पाहतो. पण त्याच्या अगदी जवळ पुढच्या काचेचा उजवा खांब असतो आणि नव्या मोठ्या मोटारींत तो चांगलाच जाड असतो. दुचाकी आणि मोटार दोन्ही एकसमान वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील, तर दुचाकी शेवटपर्यंत त्या खांबाआडच राहू शकते. म्हणून गल्लीच्या तोंडाजवळ येताना आपल्या लेनमध्ये उजवीकडे सरकावे आणि वेग थोडा बदलावा. लेनच्या आतल्या आत हलकेच डावी-उजवीकडे सरकल्यानेही समोरच्याच्या नजरेला हालचाल जाणवते. हे मोकळ्या, कोरड्या रस्त्यावरच करावे.

*समोरून येऊन उजवीकडे वळणारी मोटार.* आपण बसच्या मागे चिकटून चालत असू तर तिला आपण दिसतच नाही. बस गेली की ती लगेच वळते. बसपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे : बसचे मागचे चाक ज्या खांबाजवळून गेले तिथे आपण सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणून झाल्यावर पोहोचलो पाहिजे. पावसात हे अंतर दुप्पट करावे.

*पुढे जाऊन डावीकडे वळणारी मोटार.* पेट्रोल पंप, मॉलचे फाटक, सोसायटीचे प्रवेशद्वार किंवा कोणताही डावा फाटा जवळ असताना मोटारीच्या डावीकडे शिरू नये. तिने वेग कमी केला म्हणजे तिने आपल्याला वाट दिली, असा अर्थ काढू नये.

*दुभाजकातली फट.* यू-टर्न घेणारी मोटार एका फेरीत वळावी म्हणून आधी डावीकडे जाते आणि मग उजवीकडे झेपावते. उजव्या बाजूने मोकळी जागा दिसली म्हणून तिथून घुसणारा दुचाकीस्वार बरोबर तिच्या दारावर जातो. फटीच्या अलीकडे डावीकडे सरकलेली, मंदावलेली मोटार दिसली, की तिच्या मागेच राहावे. पलीकडून वळून येणारी मोटारही पहिल्या लेनमध्ये न थांबता थेट डाव्या लेनपर्यंत येते, हेही लक्षात ठेवावे.

हॉर्न केव्हा वाजवावा? हॉर्नचे बटण डाव्या अंगठ्याखाली असते आणि पुढचा ब्रेक उजव्या हातात, तेव्हा दोन्ही एकाच वेळी करता येतात. अडचण आहे ती वाट पाहण्याची. हॉर्न वाजवला की मन उत्तराची अपेक्षा करते आणि हात थांबतो. काचा बंद, एसी आणि गाणी सुरू असलेल्या मोटारीत तो हॉर्न पुष्कळदा पोहोचतही नाही. वेग उतरायला लागल्यावर मग हवा तेवढा वाजवावा.

टप्पा ६ : सिग्नलला उभे राहताना

थांबलेल्या दुचाकीला मागून धक्का बसणे हे आता वाढलेल्या ऑटोमॅटिक मोटारींमुळे विशेष ध्यानात घ्यावे लागते. अशा मोटारीत ब्रेकवरचा पाय किंचित सैल झाला की ती आपोआप पुढे सरकते. चालक मोबाइलमध्ये असेल तर त्याला ते कळत नाही.

१. पुढच्या मोटारीला चिकटून उभे राहू नये. तिची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर ठेवावे.

२. दुचाकी तिच्या मधोमध न ठेवता एका कडेला, हँडल मोकळ्या फटीकडे किंचित वळवून उभी करावी.

३. मागे किमान एक मोटार पूर्ण थांबेपर्यंत पहिला गिअर आणि क्लच सोडू नये, ब्रेकचा दिवा लागलेला ठेवावा आणि आरशावर नजर ठेवावी.

४. हिरवा दिवा लागल्यावर पहिल्या सेकंदात निघू नये. आडव्या रस्त्यावरून लाल दिवा तोडून येणारा शेवटचा वाहनचालक याच सेकंदात येतो.

टप्पा ७ : महामार्ग आणि उतार

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे प्रवास जुन्या महामार्गांवरून होतो आणि तिथे स्थानिक मोटारी, ट्रक आणि सर्व्हिस रोडवरून अचानक वर येणारी वाहने एकत्र असतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर मागच्या वाहनाकडे सतत लक्ष ठेवावे, दोन मोठ्या वाहनांच्या मध्ये अडकून राहू नये. ओव्हरटेक करताना डिपर, मग आरसा, मग खांद्यावरून एक नजर आणि मगच लेन बदलावी. खांद्यावरची नजर गाळण्याचे प्रमाण फार आहे. मोटार ओलांडून झाल्यावर ती आरशात पूर्ण दिसेपर्यंत तिच्यापुढे येऊ नये.

टप्पा ८ : थोडक्यात वाचल्यावर, किंवा न वाचल्यास

कट बसला की पाठलाग करून काचेवर थाप मारणारे बरेच आहेत. त्या दोन मिनिटांत बाकीच्या सर्व मोटारींकडे दुर्लक्ष होते. बाजूला थांबावे, पाणी प्यावे, हातांची थरथर गेल्यावर निघावे.

धडक झालीच तर क्रम असा ठेवावा.

१. स्वतः हलता येत असेल तर आधी रस्त्याबाहेर यावे. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलू नये आणि इतरांनाही उचलू देऊ नये. श्वास सुरू असलेल्या जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये.

२. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर. जखमीला मदत करणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ नुसार मोटारचालकावर बंधनकारक आहे. मदतीला धावलेल्या व्यक्तीला कलम १३४अ चे संरक्षण असल्यामुळे ‘पोलीस मागे लागतील’ या भीतीने कोणाला परत पाठवू नये.

३. वाहने हलवण्यापूर्वी दोन्हींच्या जागा, क्रमांकाच्या पाट्या, रस्त्यावरच्या खुणा आणि आजूबाजूचे सीसीटीव्ही कॅमेरे यांची छायाचित्रे घ्यावीत. जवळच्या दुकानदाराला चित्रण राखून ठेवायची विनंती त्याच दिवशी करावी, कारण बऱ्याच यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते.

४. रुग्णालयात दाखल करताना रस्ते अपघातग्रस्तांसाठीच्या विनारोकड उपचार योजनेविषयी विचारावे. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या या योजनेत नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो.

५. जागेवरच पाचशे-हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवू नये. डोक्याच्या आणि पोटाच्या आतल्या इजा काही तासांनी लक्षात येतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणून पोलिसांचा अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे आणि औषधांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जाव्यात.

६. आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतला थर्मोकोलचा थर एकदा दबला की पूर्ववत होत नाही. दुचाकीचे हँडल आणि पुढचे फोर्क सरळ आहेत का, हे गॅरेजमध्ये तपासून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये.